पेगनिझमला मराठीत काय म्हणायचं? मूर्तिपूजा चालेल का?

प्रश्न:
रोमन साम्राज्याच्या शेवटच्या काळावरचा एक लेख मराठीत करतेय, त्यात पेगनिझम हा शब्द सारखा येतो. डिक्शनरीत मूर्तिपूजा दिलंय पण ते सगळीकडे बसत नाही, एका ठिकाणी तर नुसत्या झाडांना आणि झऱ्यांना मानणाऱ्यांना पेगन म्हटलंय, तिथे मूर्ती कुठाय? आणि हा शब्द अपमान करायला वापरतात की नुसतं वर्णन आहे?

उत्तर १:
मूर्तिपूजा नकोच. मूळ लॅटिन शब्द पागानुस. पागुस म्हणजे खेड्यापाड्याचा भाग, तिथला माणूस तो पागानुस, म्हणजे आपल्या गावंढळच्या बराच जवळचा. चौथ्या शतकात ख्रिस्ती लोक तो ख्रिस्ती नसलेल्यांना लावायला लागले. का, यावर दोन मतं आहेत. एक म्हणजे शहरं आधी ख्रिस्ती झाली, खेडी जुनेच देव धरून राहिली. दुसरं म्हणजे सैनिकांच्या बोलीत पागानुस म्हणजे सैन्यात नसलेला साधा माणूस, आणि ख्रिस्ती स्वतःला ख्रिस्ताचे सैनिक म्हणायचे, मग बाकीचे सगळे पागानुस. इंग्लिशमधला हीदन पण साधारण त्याच अर्थाचा, फक्त तो जर्मानिक घराण्यातला.

उत्तर २:
वरच्यात एक भर, आणि मला तरी हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्या काळी ज्युपिटरला मानणारा, इसिसला मानणारा, मिथ्रासचा भक्त, यातलं कोणी स्वतःला पेगन म्हणवून घेत नव्हतं. पेगनिझम नावाचा एक धर्म कधी नव्हताच, शेकडो वेगवेगळे पंथ बाहेरच्यांनी एका नावाखाली कोंबले. त्यामुळे बहुदेववाद पण पूर्ण बरोबर नाही, त्यात देव किती हे कळतं पण नाव कोणी ठेवलं ते निसटतं. मी असते तर 'जुने रोमन धर्म' लिहिलं असतं. ख्रिस्तपूर्व लिहू नका हं, वाचणाऱ्याला ते इसवी सनाआधीचं वाटेल, आणि रोमन सम्राट थिओडोसियसने बळी देण्यावर बंदी घातली ती ३९१-९२ मध्ये, म्हणजे तोवर हे पंथ चांगले जिवंत होते.

उत्तर ३:
आजचा वापर वेगळा आहे. विसाव्या शतकात काही लोकांनी हे नाव आपणहून घेतलं, विक्का या नव्या पंथाचे लोक वगैरे. आइसलँडमध्ये जुन्या नॉर्स देवांना मानणाऱ्यांच्या संघटनेला १९७३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. अशांबद्दल लिहिताना बरेच जण इंग्लिशमध्ये कॅपिटल पी वापरतात, तिथे मराठीत सरळ पेगनच ठेवा. पण दुसऱ्याच्या चालू धर्माला कोणी पेगन म्हटलं तर ते लागतंच.

प्रश्नकर्ती:
खूप मदत झाली! ते झऱ्यांचं वाक्य परत वाचलं, ते एका बिशपच्या प्रवचनातलं आहे. मग तिथे पेगनच ठेवते, कारण तो शब्द त्याच्या तोंडचा आहे, आणि लेखक स्वतः बोलतो तिथे जुने रोमन धर्म.