कणसाखालचा घोडा
जुन्या नाण्यावर नवा ठसा म्हणजे जिंकणाऱ्याची मिजास, असं म्हणतात. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला सापडलेल्या नाण्यांच्या साठ्यात क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन गौतमीपुत्राने मारलेले ठसे पाहिले की पटतंही. पण दक्षिण इटलीतल्या मेटापोन्टम या ग्रीक वसाहतीचा मामला मला निव्वळ व्यवहाराचा वाटतो. जवळपास चांदीची खाण नाही. मग व्यापारातून आलेलं कॉरिंथ या ग्रीक शहराचं ८.६ ग्रॅमच्या आसपासचं नाणं घ्यायचं आणि त्यावरच आपलं सातूचं कणीस उठवायचं. वितळवण्याचा खटाटोप वाचला! ठसा नीट बसला नाही की कणसाच्या कडेला कॉरिंथच्या नाण्यावरच्या पेगॅससचा, म्हणजे पंखवाल्या घोड्याचा, पंख नाहीतर एखादा पाय डोकावतो. अभ्यासकांना तर हे घबाडच: खालचं नाणं आधीचं, वरचं नंतरचं, इथे वादाला जागाच नाही.