बोटांचे ठसे जुळले म्हणजे विषय संपला, असं कोर्टाने धरावं का?

उत्तरवारा:
खुनाची, दरोड्याची कुठलीही बातमी घ्या, 'घटनास्थळी आरोपीचे ठसे सापडले' एवढं वाक्य वाचलं की आपण सगळे मनातल्या मनात निकाल देऊन मोकळे होतो. माझं म्हणणं सरळ आहे, ठशांचा पुरावा वापरा, जरूर वापरा, पण हे शास्त्र चुकूच शकत नाही असं जे आपल्याकडे धरून चालतात ते आता थांबायला हवं. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९७९ मध्ये जसपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात अंगठ्याच्या ठशांचं शास्त्र अचूक आहे, त्यात चुकीला किंवा शंकेला जागाच नाही असं लिहून ठेवलंय आणि ते वाक्य अजूनही युक्तिवादात वापरलं जातं.

आता २००४ ची स्पेनमधल्या माद्रिदची गोष्ट बघा. ११ मार्चला तिथे लोकल गाड्यांमध्ये बॉम्बस्फोट झाले, दीडशेच्या वर माणसं गेली. एका व्हॅनमध्ये डिटोनेटर ठेवलेली प्लास्टिकची पिशवी सापडली आणि त्या पिशवीवर एक अर्धवट ठसा. तो अमेरिकेच्या एफबीआयने आपल्या कॉम्प्युटरवर टाकला, जुळण्याच्या जवळपासचे वीस उमेदवार आले, त्यात चौथा होता ब्रँडन मेफिल्ड, ओरेगॉनमधला वकील, पूर्वी सैन्यात होता म्हणून त्याचे ठसे रेकॉर्डवर होते. हा माणूस स्पेनला गेल्याचा कसलाही पुरावा नाही. एफबीआयच्या तीन तज्ज्ञांनी ठसा त्याचाच म्हणून सांगितलं, आणि कोर्टाने नेमलेल्या चौथ्या स्वतंत्र तज्ज्ञानेही तेच सांगितलं!! स्पेनच्या पोलिसांनी एप्रिलमध्येच जुळत नाही म्हणून कळवलं होतं तरी ६ मे ला त्याला उचलला. मग १९ मे ला स्पेनने तो ठसा एका अल्जेरियन माणसाचा असल्याचं कळवलं आणि दुसऱ्या दिवशी मेफिल्ड सुटला. पुढे माफी, वीस लाख डॉलरची भरपाई वगैरे.

यात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की ठशाच्या वरच्या डाव्या भागात रेषा जुळत नव्हत्या, ते तज्ज्ञांना दिसत होतं, पण 'तिथे दुसऱ्या बोटाचा स्पर्श झाला असेल' असं म्हणून त्यांनी तो फरक निकालात काढला. एकदा नाव डोक्यात बसलं की फरकाला कारणं सापडत जातात. तर धाग्याचा प्रश्न असा, की आपल्याकडे हे होत नसेल कशावरून?

शाईवाला:
उत्तरवारा साहेब, मी अंगुली मुद्रा केंद्रात नोकरी करून रिटायर झालोय त्यामुळे गप्प बसवत नाही. मेफिल्डची केस आम्हालाही ट्रेनिंगमध्ये सांगायचे. पण एक गोष्ट तुम्ही निसटून जाऊ दिलीत, ती चूक पकडली कोणी? स्पेनच्या ठसे तज्ज्ञांनीच ना. म्हणजे शास्त्र नाही चुकलं, चार माणसं चुकली आणि त्याच शास्त्राने दुसऱ्या माणसांनी ते दाखवून दिलं.

बाहेरच्या लोकांना वाटतं पावडर मारली की ठसा मिळाला. तसं नसतं हो. लोखंडी कपाटावर ब्रश फिरवताना हात जरा जड पडला की रेषांच्या मधली जागा पावडरने भरून जाते आणि ठसा कायमचा गेला. बोट घसरलेलं असतं, एकावर एक तीन ठसे असतात, घरच्यांनी रडत रडत सगळीकडे हात लावलेले असतात, आधी येणारा कॉन्स्टेबलही दाराची कडी धरून आत आलेला असतो. म्हणून पहिलं काम म्हणजे घरातल्या सगळ्यांचे ठसे घेऊन ते बाजूला काढायचे. उरतात त्यातले कितीतरी चान्स प्रिंट, म्हणजे घटनास्थळी मिळालेले ठसे, आम्ही स्वतःच 'तुलनेस अयोग्य' म्हणून परत पाठवायचो, तपास अधिकारी वैतागायचा, फोन यायचे, तरी पाठवायचो. ज्या ठशावर नाव लिहितो तिथे रेषा कुठे संपते, कुठे दुभंगते, मध्ये किती रेषा आहेत हे भिंगाखाली एकेक मोजून. एवढं करून लिहिलेल्या मताला तुम्ही एका अमेरिकन केसवरून अंदाजपंचे ठरवणार का?

पाणीपुरवठा:
आमच्या आईचा अंगठा रेशनच्या मशीनवर तीन तीनदा लावला तरी लागत नाही, आयुष्यभर शेतात राबून बोटांच्या रेषाच गेल्यात, आणि त्याच अंगठ्यावर कुणाला फाशी द्यायची म्हणता?

शाईवाला:
पाणीपुरवठा दादा, ते वेगळं. रेशन दुकानात मशीन जिवंत बोट एका साठवलेल्या ठशाशी ताडून बघतं, ते 'नाही' म्हणालं तर अन्याय होतो हे खरंच, पण ती ओळख न पटण्याची चूक. इथे चर्चा भलत्याच माणसाची ओळख पटवण्याची चाललीय. आणि गुन्ह्याच्या तपासात मशीन फक्त यादी काढून देतं, शेवटचं मत माणूसच देतो.

उत्तरवारा:
शेवटचं मत माणूस देतो हाच तर माझा मुद्दा आहे. 'शास्त्र नाही, माणसं चुकली' हे आरोपीच्या काय कामाचं? कोर्टात रिपोर्ट येतो त्यावर सही माणसाचीच असते. आणि स्पेनवाले होते म्हणून पकडलं गेलं, जळगावच्या घरफोडीत दुसऱ्या देशाचे पोलीस बघायला येणार आहेत का?

कोर्टपायरी:
जिल्हा कोर्टात फौजदारी वकिली करतो, दोन्ही बाजू वाचल्या. माझ्या अनुभवात ठसा तज्ज्ञाच्या टेबलावर पोचण्याआधीच पुराव्याचं वाटोळं झालेलं असतं. पंचनाम्यात लिहिलेलं असतं 'काचेचा ग्लास जप्त केला', सील केल्याचा उल्लेख नाही, सील कुणाच्या सहीचं नाही, मुद्देमाल कारकुनाच्या कपाटात आठ दिवस पडून, मग केंद्रात. पंच म्हणून तोच चहावाला जो मागच्या चार केसमध्ये पंच होता. मधल्या काळात आरोपी कोठडीत, त्याच्या हातात तोच ग्लास दिला नाही हे सिद्ध कोण करणार? सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये मोहम्मद अमन विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात नेमकं यावरच बोट ठेवलं. पितळी जगवर ठसा होता, तो जुळलाही होता, पण वस्तू नीट राखल्याचा पुरावा नाही आणि आरोपीचे नमुना ठसे मॅजिस्ट्रेटसमोर घेतले नाहीत म्हणून तो पुरावा कोर्टाने विश्वासाचा धरला नाही.

दुसरं, जुनी केस सांगतो. जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्युरो १८९७ मध्ये कलकत्त्यात सुरू झालं, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात मोठं काम केलं आणि नाव मात्र त्यांच्या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याचं, हेन्री साहेबाचं लागलं. तर त्यानंतर लगेच १८९८ मध्ये जलपायगुडीच्या चहाच्या मळ्यात मॅनेजरचा खून झाला, पंचांगावर तपकिरी डागात अंगठ्याचा ठसा मिळाला, तो जुन्या नोकराचा, कंगाली चरणचा निघाला. कोर्टाने काय केलं? चोरीबद्दल शिक्षा, खुनातून निर्दोष. ठसा जुळलाय हे मान्य, पण ठशावरून माणूस तिथे होता एवढंच कळतं, सुरी कुणी चालवली हे कळत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कोर्टाला हे समजलं होतं आणि आज आरोपपत्रात 'ठसे जुळले, सबब आरोपीनेच खून केला' अशी उडी मारलेली मी दर महिन्याला वाचतो.

सांजवेळ:
सगळे आरोपीच्याच बाजूने बोलतायत म्हणून लिहिते. आमच्याकडे घरफोडी झाली, सासूबाईंच्या लग्नातलं सोनं गेलं, चोर सापडला तो केवळ खिडकीच्या काचेवरच्या ठशामुळे, तीन जिल्ह्यांत गुन्हे होते त्याच्यावर. शेजारच्यांनी पाहिलं होतं, पण कोर्टात कुणी बोलायला तयार नाही. साक्षीदार उलटतो, पंच फितूर होतो, ठसा उलटत नाही. तुम्ही ठशावर शंका घेताय, मग विश्वास ठेवायचा कशावर? पोलीस कोठडीतल्या कबुलीवर? की ओळख परेडवर, जिथे रात्री दोन मिनिटं पाहिलेला चेहरा सहा महिन्यांनी ओळखायचा असतो? ठशाचा पुरावा ढिला केलात तर पोलीस पुन्हा पट्ट्याकडे वळतील, आणि तो पट्टा गरिबाच्याच पाठीवर पडतो, हा विचार केलाय का कुणी?

कोर्टपायरी:
सांजवेळ ताई, हा मुद्दा लाख मोलाचा आहे आणि याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. ठसा कबुलीजबाबापेक्षा कितीतरी बरा, यात वाद नाही.

उत्तरवारा:
ताई, ठसा उलटत नाही हे खरं, पण ठसा स्वतः साक्षही देत नाही, त्याच्या वतीने तज्ज्ञ बोलतो. स्कॉटलंडमध्ये शर्ली मॅकी नावाची पोलीस होती. १९९७ मध्ये खुनाच्या घरात तिचा अंगठ्याचा ठसा सापडला असं चार तज्ज्ञ म्हणाले, ती म्हणाली मी त्या घरात पाऊलच टाकलं नाही, तर तिच्यावरच खोट्या साक्षीचा खटला. १९९९ मध्ये ती निर्दोष सुटली. त्याच खुनात ज्याला शिक्षा झाली होती त्याच्याविरुद्धचा ठसाही चुकीचा निघाला, २००२ मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली. २०११ च्या चौकशी अहवालात स्पष्ट म्हटलंय की ठशांची ओळख ही वस्तुस्थिती नाही, मत आहे, आणि तसंच मांडलं पाहिजे. मी एवढंच मागतोय. पुरावा ढिला करा असं कुठे म्हणालो?

आणि मानसशास्त्रज्ञ इटिएल ड्रोर यांचा २००६ चा प्रयोग. पाच अनुभवी तज्ज्ञांना, त्यांनी स्वतःच काही वर्षांपूर्वी 'जुळतो' म्हटलेले ठसे परत दिले, फक्त सांगताना ही मेफिल्डवाली फसलेली जोडी आहे असं सांगितलं. एकच जण मूळ मतावर ठाम राहिला. तिघे म्हणाले जुळत नाही, एकाला ठरवता येईना. तेच डोळे, तेच ठसे!

शाईवाला:
पाच जणांच्या प्रयोगावर किती भार टाकणार? मोठा अभ्यास घ्या ना, एफबीआयनेच करवलेला, २०११ चा. १६९ तज्ज्ञ. भलत्याशी जुळवण्याची चूक हजारात एक. उलट ज्यांचा खरंच होता त्यांचा नाही म्हणण्याची चूक साडेसात टक्के. म्हणजे आमचा माणूस चुकतो तो बहुतेक वेळा आरोपीच्या फायद्याचंच.

उत्तरवारा:
तोच अभ्यास पुढे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये तपासला, आणि सांगायचंच झालं तर ही चूक ३०६ मागे एक इतकी असू शकते हे ज्युरीला सांगा म्हणाले. मायामीच्या दुसऱ्या अभ्यासावरून तर १८ मागे एकपर्यंत. मी १८ धरून बसत नाही. पण तुमच्याच २०११ च्या अभ्यासातली पुढची ओळ वाचा, एकाच ठशावर दोन तज्ज्ञांनी तीच चूक केली असं एकदाही झालं नाही. म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञाला पहिल्याचं मत न सांगता ठसा दिला असता तर त्यातली प्रत्येक चूक सापडली असती. मेफिल्डच्या वेळी दुसऱ्या तिसऱ्याला पहिल्याचं मत माहीत होतं. तुमच्या केंद्रात कसं व्हायचं?

शाईवाला:
सांगतो. दुसरी तपासणी व्हायची, नेमाने व्हायची, पण फाईल तीच, पहिल्याने पेन्सिलने खुणा केलेला एन्लार्ज्ड फोटो त्यातच. न सांगता द्यावं याला माझी हरकत नाही, माणसं वाढवून द्या म्हणजे होईल, एका टेबलावर ढीग असताना दोनदा कोरं कोण बघणार? माझी हरकत त्या आकड्यांना आहे. '३०६ मागे एक' हे वाक्य कोर्टात म्हटलं की बचावाचा वकील तेच धरून बसणार आणि ज्याचा ठसा लख्ख आहे, रेषा संपण्या-दुभंगण्याच्या बारा चौदा खुणा स्वच्छ आहेत, तोही सुटणार. सरासरी आकडा प्रत्येक ठशाला लावता येत नाही.

कोर्टपायरी:
शाईवाला साहेब, बचावाचा वकील तो आकडा विचारेल कधी, तज्ज्ञ पिंजऱ्यात आला तर! जुन्या क्रिमिनल प्रोसिजर कोडचं कलम २९३ आणि आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३२९, त्यानुसार फिंगरप्रिंट ब्युरोच्या संचालकाचा रिपोर्ट साक्षीदार न बोलावताही पुराव्यात घेता येतो, कोर्टाला वाटलं तर बोलावेल. लीगल एडवर आलेला ज्युनियर अर्जच करत नाही, आणि रिपोर्ट म्हणजे दीड पान, त्यात 'ठसा अ हा आरोपीच्या उजव्या तर्जनीशी एकरूप आहे'. किती खुणा, कुठल्या भागात फरक दिसला, तो का सोडून दिला, दुसऱ्याने कोरं बघितलं का, यातलं काही नाही.

आणि आता हे जास्त महत्त्वाचं झालंय, कारण २०२२ च्या कायद्याने अटक झालेल्या माणसांचीही मापं घेऊन रेकॉर्ड ७५ वर्षं ठेवता येतं आणि देशभरचे ठसे एकाच सिस्टीममध्ये शोधले जातात. जितका साठा मोठा तितकी दिसायला अगदी जवळची पण भलत्याच माणसाची जोडी सापडण्याची शक्यता मोठी, मेफिल्ड असाच सापडला ना. पूर्वी संशयित आधी मिळायचा आणि ठसा नंतर ताडायचे, आता ठशावरून संशयित मिळतो. नागपूरचा मजूर रायगडच्या केसमध्ये फक्त ठशावर उचलला गेला तर त्याच्या वकिलाला ती पूर्ण यादी मिळायला हवी, तो कितव्या नंबरवर होता हे कळायला हवं. मी असा अर्ज दिलाय एका केसमध्ये, सरकारी वकिलांनी 'अंतर्गत कागद' म्हणून विरोध केलाय, पुढच्या तारखेला युक्तिवाद आहे.

शाईवाला:
यादी द्यायला काय हरकत आहे, प्रिंट निघतं तिचं. अर्जात पेन्सिलच्या खुणांचा फोटोही मागा, तो फाईलला लावलेला असतोच.