शब्दचर्चा : सौर सक्रियता, सौरडाग आणि सौरवादळ

परभणीहून : आमच्याकडे मे महिन्यात ऊन मी म्हणतं. 2024 च्या मे महिन्यात मोठं सौरवादळ आलं, लडाखला हानलेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला. तेव्हापासून पारावर जो तो म्हणतो, ‘सौरवादळामुळं एवढं तापतंय.’ हा वापर बरोबर आहे का? आणि ‘सौर सक्रियता’ म्हणजे नेमकं काय?

लातूरहून : दादा, तो वापर चूकच. सौरवादळ हे चुंबकीय वादळ. सूर्यावरून सुटलेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळतात. त्यानं उपग्रह, जीपीएस, रेडिओ यांना अडथळा येतो. जिंतूर-सेलूच्या शिवारातला पारा चढत नाही. मेच्या मध्याला परभणीत भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली बुडाशीच नाहीशी होते. जमीन कोरडीठाक, आभाळ मोकळं. तलखी होते ती यामुळं.

सौर सक्रियता म्हणजे सूर्याच्या चुंबकीय घडामोडींतला चढउतार. तो साधारण 11 वर्षांच्या फेऱ्यात चालतो. सध्याचं 25 वं चक्र डिसेंबर 2019 मध्ये सुरू झालं. मोजायची जुनी खूण म्हणजे सौरडाग. हा शब्द मात्र फसवतो. डाग भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा दीड-दोन हजार अंशांनी थंड असतात, म्हणून काळे दिसतात. मग डाग वाढले की सूर्य मंद व्हायला हवा ना? होतं उलटंच. डागांबरोबर उजळ भागही वाढतात आणि त्यांचं पारडं जड ठरतं, त्यामुळं डाग जास्त तेव्हा सूर्य किंचित जास्त तेजस्वी असतो. किंचित म्हणजे दर चौरस मीटरला मिळणाऱ्या सुमारे 1361 वॅटमध्ये एखाद्या वॅटचा फरक. जगाच्या सरासरी तापमानात त्यानं अंशाच्या दहाव्या भागाइतका फरक पडतो.

नांदेडहून : ताई, मग सूर्याचा हवामानावर परिणाम होतच नाही असं लिहायचं का? मुलांना लघु हिमयुग, म्हणजे काही शतकं चाललेला जास्त थंडीचा काळ, शिकवताना मी सूर्याचंच कारण सांगतो.

लातूरहून : नाही सर, परिणाम आहे. 1645 ते 1715 या काळात डाग जवळजवळ दिसेनासे झाले होते. तोच मॉन्डर न्यूनतम काळ. युरोपातली थंडी त्या काळात कडक होती, पण लघु हिमयुग त्याच्या आधीच सुरू झालं होतं आणि ज्वालामुखींचाही त्यात हात होता. म्हणून ‘एक कारण’ म्हणा, ‘कारण’ म्हणू नका. शिवाय अतिनील किरण एकूण प्रकाशापेक्षा बरेच जास्त कमीजास्त होतात. ओझोनचा थर त्यानं तापतो-निवतो आणि वरचे वारे थोडे सरकतात.

आपल्या दुष्काळांची सांगडही इंग्रज अमलात डागांशी घालून पाहिली गेली. हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी पावसाचे आकडे तपासले. मान्सूनच्या अंदाजाला भरवशाचं सूत्र डागांत सापडलं नाही, ते प्रशांत महासागराकडच्या हवेच्या दाबात सापडू लागलं. मराठवाड्यात ‘सूर्य बदललाय, म्हणून पाऊस रुसलाय’ असं कुणी सांगितलं तर मला राग येतो, कारण खरी कारणं त्यात झाकली जातात. 1978 पासून उपग्रह सूर्याचं तेज मोजताहेत. ते वाढत गेलेलं नाही, पृथ्वीचं तापमान मात्र वाढत गेलं. खालची हवा तापतेय आणि वरचा थर निवतोय. सूर्य वाढला असता तर दोन्ही तापले असते.

गोंधळाला ‘हवामान’ हा शब्दही हातभार लावतो. आजचा पाऊसही हवामान आणि तीस वर्षांची सरासरीही हवामानच. सौरचक्राबद्दल लिहिताना ‘दीर्घकालीन हवामान’ म्हणावं, असं माझं मत.

अंबडहून : आमची आजी म्हणते, ‘रोहिणी तापली की मिरग चांगला.’ तीही सौर सक्रियताच का?

लातूरहून : नाही. सूर्य 25 मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्रात जातो आणि 7-8 जूनला मृगात. नक्षत्र सांगतं सूर्य आकाशात कुठं आहे ते, म्हणजे ऋतू. त्यावर डाग किती, हे नाही. आजीचं वाक्य पेरणीच्या बोलण्यात खुशाल वापरा, फक्त त्याला सौर सक्रियता हे नाव देऊ नका.