मदत हवी आहे: भारी जमीन घट्ट झाली आहे, आधी जिप्सम की आधी हिरवळीचं खत?

नमस्कार मंडळी,

जमीन भारी, चिकण. पाऊस उघडला की वर पापडी धरते आणि उगवण विरळ होते. पाणी साचून राहतं, वाफसा (मशागतीजोगी ओल) लवकर येत नाही. खणून पाहिलं तर वीतभर खाली कडक थर लागतो आणि मुळं तिथून आडवी वळलेली दिसतात. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगरट झाल्याने तो तयार झाला असणार.

माती परीक्षणात सामू (pH) ८.४, सेंद्रिय कर्ब ०.३५ टक्के. सोडियम तपासलेलं नाही आणि खरी गोम तिथेच आहे. चुनखडीनेही सामू एवढा चढतो, मग जमीन चोपण (सोडियम जास्त असलेली) आहे की नुसती चुनखडीची, हे कसं ठरवायचं? चोपण असेल तर जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावून लावेल. नसेल तर खर्च वाया.

घरच्या घरी एक केलं. वाळलेली ढेकळं पावसाच्या पाण्यात न हलवता ठेवली. काही नुसती फुटून बसली, पाणी नितळच. काहींभोवती मात्र दुधाळ गढूळपणा पसरला. आता कुठलं खरं मानू?

गव्हाचा भुसाही भरपूर आहे, पण त्यात कर्ब-नत्राचं प्रमाण ८०:१ च्या आसपास; गाडला तर पिकाचं नत्र तोच खाईल. (वाळू मिसळा असं कृपया सांगू नका. चिकण मातीत थोडी वाळू म्हणजे विटेची तयारी.)

प्रतिसाद:
ढेकळं कुठल्या थरातली होती ते आधी सांगा. नितळ पाण्यात फुटली तिथे सेंद्रिय पदार्थ कमी. गढूळ झाली तिथे सोडियमचा संशय घ्या. तसं असेल तर नुसता सबसॉयलर (खोलवरचा कडक थर फोडणारं अवजार) घालून उपयोग नाही, चिरा पुन्हा मिटतात. आणि निचऱ्याची सोय नसेल तर सुटलेलं सोडियम जाणार कुठे? आधी चर काढा. हिरवळीच्या खतासाठी तागापेक्षा धैंचा घ्या, साचलेलं पाणी आणि चोपणपणा दोन्ही सोसतो. फुलोऱ्याच्या सुमारास गाडा. भुसा गाडू नका, वरून आच्छादन करा, पापडीही कमी धरेल.

धागाकर्ता:
आभार! वरची फुटली, गढूळ झाली ती सगळी खालची. दोन्ही थरांचे नमुने वेगळे देतो, सोडियमसकट. पण जिप्सम वर पसरलं तर त्या थरापर्यंत पोचायला वेळ लागणार. सबसॉयलरच्या चिरेतच सोडून कोणी पाहिलं आहे का? माती पूर्ण कोरडी असतानाच तो चालवायचा हे माहीत आहे, ओलीत फाळ नुसता चिरत जातो, थर तडकत नाही.