मदत हवी आहे: परसातल्या तिबोटी खंड्याचे फोटो, घरट्याला त्रास न देता

नमस्कार मंडळी. घर गुहागर तालुक्यात. परसामागच्या पऱ्याच्या (ओढ्याच्या) दरडीत तिबोटी खंड्याने बीळ कोरलंय. जोडी चोचीत पाली, सापसुरळ्या घेऊन ये-जा करतेय. कॅमेरा क्रॉप (लहान) सेन्सरचा, लेन्स ७०-३०० मिमीची. माडा-पोफळींखाली शटर १/५०० सेकंदाला ठेवलं तर फोटो काळा येतो, १/६० ला हललेला. फ्लॅश चालेल का? किती जवळ जावं? आणि या हवेत लेन्सला बुरशी लागू नये म्हणून काय करता?

प्रतिसाद १
फ्लॅश अजिबात नको. फोकससाठी पेटणारा कॅमेऱ्याचा छोटा दिवाही बंद करा, तो हमखास विसरला जातो. चोचीत भक्ष्य म्हणजे आत पिल्लं आहेत, तेव्हा बिळावर लेन्स रोखूच नका. हा पक्षी आत शिरण्याआधी बहुधा ठरलेल्या एक-दोन काटक्यांवर टेकतो. ती काटकी लांबून दुर्बिणीने हेरा आणि तिच्यापासून निदान १५ मीटरवर झापांच्या (विणलेल्या माडाच्या पात्यांच्या) आडोशामागे बसा. पक्षी घास घेऊन नुसताच मान खालीवर करत राहिला, आत जाईना, तर तुम्ही फार जवळ आहात. लगेच मागे व्हा, तेवढा वेळ पिल्लं उपाशी राहतात.

ट्रायपॉड लावा. अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडणारं छिद्र) ५.६, शटर १/१६०, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ऑटो, कमाल ६४००. काटकीवर आधीच फोकस करून ठेवा, टेकल्यावर चार-पाच फ्रेम सलग घ्या. जास्त आयएसओमुळे फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सुधारत नाही. १३ सेंटिमीटरचा पक्षी एवढ्या लांबून छोटाच दिसणार, कडा कापून घ्या.

प्रतिसाद २
मध्ये येणारी फांदी छाटू नका. त्या आडोशामुळेच बीळ साप-मुंगसांच्या नजरेआड राहतं. घरट्याला त्रास देणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येत येतं. फोटो टाकताना लोकेशन काढा, नाहीतर गाड्या भरून माणसं येतील.

प्रश्नकर्ता
आभार. मोबाईल दरडीपाशी ठेवून रेकॉर्डिंग केलं तर?

प्रतिसाद १
नको. ठेवायला-काढायला दोनदा बिळाशी जाणं होतं.

प्रतिसाद ३
बुरशीसाठी: घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर परता, पण स्वयंपाकाची कढई घेऊ नका, त्या रंगात विषारी कोबाल्ट असतं. तांदूळ नकोत, पीठ लेन्सच्या फटीत जातं. चामडी कव्हर ओल धरतं, पावसाळ्यात ते बाहेरच राहू द्या. भिजून आलात तर आधी पुसून पंख्याखाली सुकवा, मगच डबा बंद करा.