‘मयाव’ या शब्दाचा अर्थ आणि उच्चार काय?

कसब्यातला वाचक:
आमच्या कसबा पेठेतील घराच्या कागदांत मोडी लिपीतील एक खरेदीखत सापडले. मोडी अलीकडेच शिकलो असल्यामुळे एकेक अक्षर लावत ‘सन खमसति सैन मयाव अलफ’ इथवर पोहोचलो. ‘मयाव’ मात्र कोणत्याही शब्दकोशात मिळेना. घरात तर ‘सैन’वरून पूर्वजांना लढाईतील कामगिरीबद्दल घर मिळाल्याची कथाच तयार झाली आहे (मग खरेदीखत कशाला, असे कोणी विचारत नाही).

दफ्तरी:
‘मयाव’ असा शब्दच नाही. मोडीत आधी रेघ ओढून तिच्याखाली शब्द न तोडता लिहीत, त्यामुळे ते कोठे तोडायचे हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते. आपली ओळ ‘खमस तिसैन मया व अलफ’ अशी आहे. खमस म्हणजे ५, तिसैन ९०, मया १००, अलफ १००० आणि ‘व’ म्हणजे ‘आणि’. एकूण शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतील, अरबी शब्दांत लिहिली जाणारी कालगणना) ११९५. अरबीत ‘खम्स’ आणि ‘अल्फ’ असे जोडाक्षरी उच्चार आहेत, पण आपल्या कारकुनांनी ते सैल केले, तेव्हा मोठ्याने वाचताना ‘ख-मस’, ‘अ-लफ’ म्हणावे. हे वर्ष मृगाला सुरू होते. म्हणून इसवी सन काढताना तेव्हापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावेत. आपला कागद १७९४-९५ चा ठरतो.

मोडीचा जुना विद्यार्थी:
‘तिसैन’ की ‘सितैन’, हे भिंगाखाली पुन्हा पाहावे. सितैन म्हणजे ६०. पानिपतची लढाई ‘इहिदे सितैन’मधली, म्हणजे ११६१ मधली. त आणि स यांची अदलाबदल झाली, तर आपले घर एकदम ३० वर्षांनी जुने होईल! कागदावर संवत्सराचे नाव असल्यास प्रश्न मिटेल: शके १७१६ चे आनंद, शके १६८६ चे तारण.

कसब्यातला वाचक:
शकाचा आकडा फाटला आहे, परंतु ‘आनंदनाम संवत्सरे’ स्पष्ट वाचता येते. खाली ‘छ ९ साबान’ असे आहे. हा ‘छ’ कशाचा?

दफ्तरी:
‘छ’ म्हणजे चंद्र. त्याच्यापुढे हिजरी महिन्याची तारीख येते. त्यावरून खरेदी मार्च १७९५ च्या आरंभी झाली असावी. खर्ड्याची लढाई त्याच महिन्याच्या ११ तारखेची, म्हणजे आपले पूर्वज पुण्यात घराचा व्यवहार करत होते तेव्हा खरे ‘सैन्य’ निजामाच्या समोर होते.