मदत हवी आहे: पार्ट दिला एकाला, खळं दुसऱ्याचं

खाडीपलीकडचा: माघी गणपतीला देवळात नाटक. सोळा दिवस राहिलेत. वाचन घेऊन नायकाचा पार्ट आमच्या वायरमन पोराला दिला, त्यावरून नाना रुसलेत. काल रात्री सगळे तालमीला जमले तर खळ्यातला बल्ब काढलेला, होल्डर नुसता लोंबतोय. दिवसा मंडळी कलमांच्या फवारणीवर, तालीम रात्रीच होते. उपदेश नको, उपाय सांगा. लवकर.

देवगडी_कलम: नाना कोण? नाटक कसलं, पात्रं किती? बल्ब नवीन आणा की.

खाडीपलीकडचा: बल्बचा प्रश्न नाहीये हो. खळं त्यांचं आहे. तीन अंकी सामाजिक, सात पुरुष, दोन स्त्रिया. नाना एकसष्टचे, आजवर नायक तेच.

निवृत्त_मास्तर: वाचन कसे घेतलेत? राज्य नाट्य स्पर्धेला रत्नागिरी केंद्रावर मी अनेक वर्षे नाटके बसवली. प्रत्येकाकडून दोन पार्ट वाचून घ्यायचो, एक त्याला हवा असलेला आणि एक मला त्याच्यात दिसलेला. आणि यादी लावण्याआधी जुन्या नटाच्या घरी जाऊन यायचो. नानांनी काय वाचले?

खाडीपलीकडचा: ते आलेच नाहीत. म्हणाले, माझं काय वाचन घेता. यादी देवळाच्या फळ्यावर लावली.

निवृत्त_मास्तर: फळ्यावर! धन्य आहात.

राजापार्टी: वाचन-बिचन कित्याक? आमच्या दशावतारात संवाद लिवलेले नसतत. मालक आख्यान सांगता, कोण राजा तां थयच ठरता. साठीचो राजा पण चलता, आवाज होयो.

निवृत्त_मास्तर: सामाजिक नाटकात नाही चालत. नायक पहिल्या अंकात कॉलेजातून घरी येतो म्हटल्यावर एकसष्टीचा गृहस्थ बॅग घेऊन शिरला तर प्रेक्षक हसतील.

राजापार्टी: आमच्याकडे बापयो बाई होऊन येता, लोक रडतत. वयाचा काय घेऊन बसलास?

चाकरमानी_डोंबिवली: डबल कास्ट करा, दोन प्रयोग लावा. आणि गणपतीच्या आदल्या रात्रीची कोकणकन्येची दोन तिकिटं कुणाकडे जास्तीची आहेत का? आरक्षण आता 120 नाही, 60 दिवस आधी सुटतं, हे लक्षातच राहिलं नाही. वेटिंग 84.

आवाज_बंद: कॉलर माईक घेऊ नका, घामाने जातात. लेखकाची परवानगी आणि परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र आहे ना?

खाडीपलीकडचा: माईकचं कोणी विचारलंय का?

पेटीवाली: त्या दोन स्त्रिया कोण करतायत?

खाडीपलीकडचा: कणकवलीच्या दोन नट्या ठरवल्यात, सुपारी दिली. विषय तो नाही.

पेटीवाली: वायरमनचं वाचन घेतलंत, गावातल्या एका तरी बाईचं घेतलंत का? वर्गणीतले अर्धे पैसे नट्यांवर जाणार आणि इथे प्रत्येक घरात एक जण नाटक पाठ असलेली बसलीय.

निवृत्त_मास्तर: ते नंतर. नानांना दुसरा कोणता पार्ट देऊ केलात?

खाडीपलीकडचा: त्यांच्या वयाला शोभेल असा एकच आहे, नायकाच्या बापाचा. तो मी करतोय.

देवगडी_कलम: अहो मग!!

खाडीपलीकडचा: माझी नक्कल, म्हणजे संवादांची वही, पाठ झालीय. दोन अंक.

राजापार्टी: दिग्दर्शक तूच, बाप पण तूच. घंटी कोण वाजवता?

पेटीवाली: नाना तुमचे कोण, ते अजून सांगितलं नाहीत.

खाडीपलीकडचा: सासरे. एकाच वाडीत घर. चार दिवस बायको भात वाढते, आमटी मागावी लागते.

पेटीवाली: हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतंत. बायकोचं वाचन घेतलंत?

खाडीपलीकडचा: तिचं कशाला? लहानपणी नानांची नक्कल धरून बसायची, तेवढंच. प्रॉम्प्टर म्हणून.

पेटीवाली: म्हणजे सगळ्यांचे सगळे पार्ट तिला पाठ.

निवृत्त_मास्तर: बापाच्या पार्टाची वही घेऊन आज संध्याकाळी स्वतः जा. एकटे जा. "तुम्ही नाही तर नाटक नाही" वगैरे म्हणू नका, ओळखतात ते. वायरमनला दुसऱ्या अंकातली थप्पड तुमच्याकडूनच शिकायचीय, एवढं म्हणा. आणि तुम्ही विंगेत बसा.

चाकरमानी_डोंबिवली: वेटिंग 79.

खाडीपलीकडचा: जाऊन आलो. वही ठेवून घेतली, बोलले काही नाहीत. बायको मागच्या दारात उभी राहून ऐकत होती. आज आमटी आपणहून वाढली. बल्ब मात्र दिलेला नाही.

देवगडी_कलम: पिनचा की आट्याचा? माझ्याकडे पडलाय एक.